मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत, पण हे नाव त्यांच्या तोंडावर घ्यायची हिंमत फक्त मास्तरीणबाईंची होती. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला तर मास्तरांनी तो दाबायचा. बाकीचे मास्तर घोळ झाला की दाबतात. आपले मास्तर घोळ होणार असं वाटलं की दाबत, आणि त्यांना तसं सारखंच वाटे. त्यामुळे त्यांच्या हाताखालचा माणूस आधी मान सांभाळायला शिकायचा आणि मग गाडी चालवायला.

इतकी वर्षं त्या सीटवर काढल्यावर पायाला सवय लागली ती लागलीच. बसमध्ये बसले तरी प्रत्येक वळणाला त्यांचा पाय पुढे सरकून फळी दाबे. घरी मास्तरीणबाई घाईघाईने काही चिरायला लागल्या की टेबलाखाली मास्तरांचा पाय खाली जाई. बाईंना ते चपलेच्या आवाजावरून कळायचं, आणि त्या मुद्दाम सुरी आणखी जोरात चालवायच्या.

लग्नानंतर लगेचच मास्तरांनी त्यांनाही गाडी शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच गल्लीत, इतक्या वेळा ब्रेक लागला की बाई गाडीतून उतरल्या, पर्स घेतली आणि चालत घरी आल्या. त्यानंतर हा विषय त्या घरात निघाला नाही.

कायदा म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना दिवा लाल झाला, तरी गाडी पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबलीच पाहिजे. रेघेवर नाही, अलीकडे. एखादा विद्यार्थी हळूच म्हणे की सर, कोणीच नाहीये, आणि असे सगळेच जातात. झालं. मास्तर हात लांब करून किल्ली फिरवत, इंजिन बंद करत आणि हाताची घडी घालून बसून राहत. दिवा हिरवा होई, पुन्हा लाल होई, मागून आलेला एखादा हॉर्न वाजवून दमे, पण हे ढिम्म. विद्यार्थ्याला पुरेसा घाम फुटला की मग सावकाश म्हणत, "कायदा मोडायला ज्याच्याकडे कारण नव्हतं, असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कारण प्रत्येकाकडे असतं. म्हणून तर दिवे लावावे लागतात."

हे वाक्य ऐकून ऐकून अर्ध्या शहराला पाठ झालं होतं. आणि मग एक दिवस मास्तरांकडेच कारण आलं.

त्याची सुरुवात पोस्टाच्या पेटीपासून झाली. लाल शर्टातला कोणी ओळखीचा समजून मास्तरांनी तिला हात केला, आणि तिने उत्तर दिलं नाही म्हणून घरी येऊन माणसं कशी माजली आहेत यावर बराच वेळ बोलले. पुढे रस्त्यावरच्या पाट्या अधूनमधून पुसट व्हायला लागल्या. नगरपालिका हल्ली रंग पातळ वापरते, असा निष्कर्ष काढून त्यांनी ती गोष्ट मिटवली. मधोमध बघितलं की धुरकट आणि कडेने बघितलं की बरं, असा काहीतरी प्रकार होता. मास्तरांनी तो कोणाला सांगितला नाही. स्वतःलाही नीटसा सांगितला नाही.

शिकवताना मात्र त्यांनी नवी पद्धत काढली. समोर जे जे दिसेल ते विद्यार्थ्याने मोठ्याने सांगायचं. "सायकल, सर. म्हातारा माणूस, सर. दिवा पिवळा झाला, सर." असं बोलत बोलत गाडी चालवायची. त्याने लक्ष एकाग्र होतं, असं मास्तर सांगत. विद्यार्थी खूश झाले. दोघातिघांनी तर ही पद्धत सगळीकडे लागू व्हावी असं बोलूनही दाखवलं, आणि मास्तरांनी मान खाली घालून ते कौतुक घेतलं.

पण मास्तरीणबाईंना शेजारी बसून सायकल, म्हातारा, दिवा असं म्हणायला कसं सांगणार? आठवड्यातून एकदा मास्तर त्यांना डोंगरापलीकडे त्यांच्या ताईकडे घेऊन जात. ताई अंथरुणाला खिळलेली, आणि तिकडची बस बंद झालेली. त्या घाटात एकदा रस्त्याचं काम चाललं होतं, आणि एक कामगार लाल झेंडा धरून रस्त्याच्या मधोमध उभा होता. बाई किंचाळल्या, तेव्हा मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली ती त्या माणसाच्या इतकी जवळ, की त्याने हातातला झेंडा बॉनेटवर टेकवला. मास्तर म्हणाले, दिसला होता मला. एरवी बाईंच्या तोंडाला तोंड देता येत नसे, आणि त्या दिवशी ताईच्या दारापर्यंत त्यांनी एक शब्द काढला नाही. मास्तरांना वाटलं, चला, पटलं तिला.

अशात लायसन्स संपत आलं. या वयात ते पुन्हा मिळवायचं तर डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. लायसन्सच्या ऑफिसबाहेर झेरॉक्सवाल्याच्या टपरीत हा दाखला डोळे न दाखवता मिळतो, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथे रांग लागलेली असे, आणि त्या रांगेतले निम्मे लोक मास्तरांनी शिकवलेले होते. मास्तरांनी त्या टपरीकडे बघितलंसुद्धा नाही. पैसे चारून दाखला घेणं हा गुन्हा. तक्ता पाठ करून परीक्षा देणं हा अभ्यास. असा बारीक फरक त्यांनी रात्री पडल्या पडल्या केला आणि त्यांना शांत झोप लागली.

कारणंही काही कमी नव्हती. जन्मात एक अपघात नाही. सगळे रस्ते तळहातासारखे पाठ. आणि मुख्य म्हणजे हे ते स्वतःसाठी थोडंच करत होते? बायकोला आजारी बहिणीकडे न्यायला दुसरं कोण होतं? मनातल्या मनात ही कारणं ते विद्यार्थ्याच्या सुरात सांगत होते, हे तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आता तक्ता पाठ करायचा तर तो दिसायला हवा, आणि दिसत असता तर पाठ कशाला करावा लागला असता? पण मास्तरांनी यावरही तोड काढली. एक दिवस त्यांना अचानक बायकोच्या डोळ्यांची काळजी वाटू लागली. सुईत दोरा ओवताना तू हल्ली डोळे बारीक करतेस, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी एकदा नवऱ्याकडे नीट बघितलं, मग म्हणाल्या, बरं, जाऊ या.

डोळ्यांची डॉक्टर ही मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. भर चौकात गाडी बंद पाडण्यात तिचा हातखंडा होता. दवाखान्यात तपासायच्या खोलीचं दार नीट लागत नसे, आणि दाराशीच बाक होतं. मास्तर बाकावर बसले, मासिक उलटं धरलं आणि कान आत लावले. आत बाई एकेक अक्षर वाचत होत्या. मोठी अक्षरं भराभर वाचली. खालून दुसऱ्या ओळीशी जरा थांबल्या, आणि मग सावकाश, ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "न... ख... प... र... ट." शेवटची ओळही झाली. बाहेर मास्तर गुडघ्यावर बोट आपटत घोकत होते. शाळेत पाढे पाठ करतानासुद्धा त्यांनी इतका जीव ओतला नव्हता.

पुढच्या आठवड्यात ते दाखल्यासाठी गेले, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातला होता. तक्त्यामागचा दिवा लागला. डॉक्टरने छडी एकेका ओळीखाली धरली, आणि मास्तर सुटले. त्यांना छडी हलली एवढं दिसत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. खालून दुसऱ्या ओळीशी ते जरा थांबले, मग सावकाश, ठणठणीत आवाजात म्हणाले, "न... ख... प... र... ट."

डॉक्टरने पुन्हा वाचायला सांगितलं. मास्तरांनी पुन्हा वाचलं, तेवढंच थांबून.

"सर," ती म्हणाली, "या ओळीत यातलं एकही अक्षर नाहीये. पण गेल्या आठवड्यात मास्तरीणबाईंनी ती अगदी अशीच वाचली. आणि तिच्या खालची, तिच्यापेक्षा बारीक ओळ मात्र बिनचूक. तेव्हा मला काही कळेना. आत्ता कळलं."

मास्तरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मग ते बोलायला लागले. अपघात नाही, रस्ते पाठ, आठवड्यातून एकदाच तर जायचं, तेही दिवसाढवळ्या, आजारी बाईकडे. टपरीतून दाखला घेऊन लोक राजरोस फिरतात, त्यांना कोणी विचारत नाही. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, सगळेच करतात."

डॉक्टरने हात लांब करून तक्त्यामागचा दिवा बंद केला. मग खुर्चीवर बसली आणि हाताची घडी घातली.

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. मास्तर त्या घडी घातलेल्या हातांकडे कडेकडेने बघत राहिले, कारण मधोमध बघून ते हात दिसत नव्हते. हे असं बसायला हिला कोणी शिकवलं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांना लाज वाटली. वयाच्या या टप्प्यावर, स्वतःच्या विद्यार्थिनीसमोर, इस्त्रीच्या शर्टात, पोरासारखी लाज वाटली.

"लिही काय असेल ते," ते म्हणाले.

तिने लिहिलं, आणि मग खुर्ची जवळ ओढून समजावून सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. उपचाराने तो मंदावेल, पण गेलेली नजर परत येणार नाही. मधलं दिसणं कमी होत जाईल, कडेचं राहील. तुम्ही वर्षभर तरी आधी यायला हवं होतं सर, असं ती म्हणाली.

मास्तर घरी आले तेव्हा बाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मास्तर चपला न काढताच समोर उभे राहिले.

"तुला ती ओळ खरंच दिसत नव्हती?"

"मला तक्त्याखालचं छापणाऱ्याचं नावसुद्धा दिसत होतं," बाई म्हणाल्या.

मास्तर मटकन खाली बसले. मग त्यातल्या त्यात जो गुन्हा बायकोचा होता तो त्यांनी धरला. "म्हणजे तू डॉक्टरशी चक्क खोटं बोललीस."

"बोलले. माझ्याकडेही कारण होतं."

बाईंनी हातातला टॉवेल घडी न घालताच मांडीवर ठेवला. तुम्हाला सरळ सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, असं त्यांनी विचारलं. गाडीचा विषय निघाला की आजवर दुसऱ्या कोणाला तोंड उघडू दिलंय का तुम्ही? मास्तर पुटपुटले की हे सगळं तुझ्यासाठीच चाललं होतं, तुझ्या ताईसाठी.

"माझ्या नावावर नका घालू हं," बाई म्हणाल्या. "ताईला भेटायचंय मला. तिच्याआधी वर जायचं नाहीये. आणि तो झेंडेवाला तुम्हाला दिसला नव्हता. मला तो अजून दिसतो. रोज दिसतो."

त्यांचे डोळे भरून आले होते. मास्तरांना ते दिसलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी हात पुढे करून तो टॉवेल घेतला आणि वेडीवाकडी घडी घातली.

ड्रायव्हिंग स्कूलची पाटी उतरली. मास्तर काही दिवस घरात पिंजऱ्यातल्यासारखे फिरले, जेवणावर राग काढला, खिडक्यांवर काढला. आणि मग बाईंनी जाहीर केलं की त्यांनी कोपऱ्यावरच्या नव्या ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलंय. त्या शाळेत आधी पडद्यासमोर बसून गाडी चालवायला लावत, आणि मास्तर आजवर तिला व्हिडिओ गेमचं दुकान म्हणत आलेले. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाई निघाल्या, तेव्हा पेपरमागून म्हणाले की आरसा आधी बघ, किल्ली नंतर.

पहिल्या परीक्षेत बाई नापास झाल्या. मास्तरांनी आनंद लपवायचा मनापासून प्रयत्न केला. दुसऱ्यांदा पास झाल्या आणि मास्तर रस्त्यावर भेटेल त्याला ते सांगत सुटले. त्यात एकदा पोस्टाच्या पेटीलाही सांगितलं असावं.

जुनी गाडी आता घरचीच होती. बाईंनी एकच अट घातली. मेकॅनिक आला आणि त्याने शेजारच्या सीटपुढचा ब्रेक काढून टाकला. मास्तर तिथे थांबले नाहीत, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायला गेले. परत आले तेव्हा त्या जागी नुसती रबरी चटई होती, तिच्यावर त्यांच्या टाचेने इतक्या वर्षांत पाडलेला खळगा तेवढा राहिला होता.

पहिल्यांदा ताईकडे निघाले ती टळटळीत दुपार होती. मास्तर शेजारी ताठ बसलेले. बाई चालवता चालवता सहज बोलल्यासारखं सांगत होत्या. सायकल. शाळेची मुलं. म्हातारा माणूस, थांबलाय. ही आपलीच पद्धत आहे, हे मास्तरांच्या लक्षात आलं. ती हिला कोणी सांगितली, ते काही त्यांनी विचारलं नाही.

शहराबाहेरच्या चौकात रस्ता पार मोकळा होता. बाई काही बोलल्या नाहीत. समोर कुठेतरी दिवा असणार, पण त्याचा रंग मास्तरांना कळेना, मधोमध नुसता धूर होता. तरी त्यांचा पाय आपोआप पुढे गेला आणि त्या खळग्यात सगळ्या जोराने दाबला गेला. त्याच वेळी गाडी हळू झाली आणि अजिबात धक्का न देता थांबली.

मास्तर क्षणभर पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "रेघेच्या अलीकडे आहे ना?"

"अलीकडे," बाई म्हणाल्या. त्यांनी ते सगळं पाहिलं होतं. दिवा हिरवा होईपर्यंत त्या समोरच बघत होत्या, आणि मग गिअर टाकता टाकता म्हणाल्या, "बरोबर वेळेला दाबलात."