खोट्या खिडक्यांचं घर आणि निळीची दोरी

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाली होती आणि मी बायकोच्या बॅगांसाठी. तिथल्या विमानतळावर जावई नितीनराव गाडीत बसायच्या आधीच म्हणाले, "बाबा, आपण इथे पाहुणे. कुणाचंही काम करायचं नाही. व्हिसात बसत नाही, आणि माझे ग्रीन कार्डाचे (कायम राहण्याच्या परवान्याचे) कागद अजून अडकलेत." तिकिटं त्यांनीच काढलेली. मी मान डोलावली. जर्सी सिटीत एकविसाव्या मजल्यावर पहिले आठ दिवस मी गळक्या नळाचा वायसरसुद्धा बदलला नाही.

मी पेंटर. सातवीत शाळा सोडली ती दुकानांच्या पाट्या रंगवायला. म्हणून एका शनिवारी नितीनराव मुद्दाम दोन तास ड्राइव्ह करून मला एक घर दाखवायला घेऊन गेले. नदीकाठचं जुनं गाव, विटांच्या घरांची रांग, आणि मधेच हे तिमजली घर, जोत्यापासून छपरापर्यंत रंगवलेलं. खांब, कमानी, फळांच्या माळा, ढालवाले शिपाई. रेनेसान्सच्या काळात (युरोपात कला नव्याने बहरली तेव्हा) इटलीत अशी घरं रंगवत. इथल्या एका व्यापाऱ्याने ती पाहिली आणि परत येऊन आपलं घर तसं करून घेतलं. एवढं सांगून होतंय तोच ऑफिसचा फोन आला आणि नितीनराव गाडीत जाऊन बसले.

खिडक्या अकरा, त्यातल्या चार नुसत्या रंगाच्या. एकीत अर्धी उघडी झडप, आत मांजर. रंगवलेल्या सावल्या सगळ्या उजवीकडे, आणि खरं सकाळचं ऊन उजवीकडूनच येत होतं. त्या चित्रकाराला सकाळी उठायची सवय नसावी.

जोत्याजवळ साठीच्या एक बाई गुडघे टेकून बसल्या होत्या. खालचा पट्टा पुसट झालेला, तो पुन्हा आखायचा होता. हातात निळीची दोरी. ती ताणायची, मधे उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. आमच्याकडेही हेच. पण दोरीला दोन टोकं असतात आणि बाई एकट्या. जुन्या गिलाव्यात खिळा मारायची सोय नव्हती. एक टोक त्यांनी विटेखाली दाबलं, ते निसटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा निसटलं.

मी गाडीकडे पाहिलं. नितीनराव फोनवर. रस्त्याकडे पाहिलं. पोलीस नव्हता.

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "प्लीज?"

मी टोक उचललं, सवयीने कपाळाला लावलं आणि भिंतीला टेकवलं. कपाळाला का, असं त्यांनी खुणेने विचारलं.

"ऑलवेज," मी म्हटलं. तेवढंच इंग्रजी सुचलं.

सहा रेघा मारल्या. दर वेळी मी दोरी कपाळाला लावेपर्यंत बाई थांबल्या.

मग त्यांनी कॉफी आणि मधे भोक असलेला गोड वडा दिला. याला मजुरी धरतात का, हे विचारण्याइतके शब्द नव्हते. वडा खाल्ला.

नितीनरावांनी घरासमोर माझा फोटो काढला. बोटं निळी झालेली, म्हणून मी दोन्ही हात खिशात घातले. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "बाबा, कपाळाला निळं काय लागलंय?"

मी सगळं सांगितलं.

"पैसे घेतले?"

"नाही. वडा."

"डोनट. किती?"

"एक. दुसरा देत होत्या, मी नको म्हटलं."

"मग सोडतील."

तरी सोमवारी वकिलाला विचाराच, असा मी हट्ट धरला. त्यांनी विचारलं. वकील हसला म्हणे. कितपत हसला, ते कळलं नाही.

नात झाली, तिला पालथं पडताना पाहून आम्ही परतलो. फोटो मी ट्रंकेत तळाशी ठेवला. यंदा नितीनरावांचं ग्रीन कार्ड आलं, त्याच दिवशी फ्रेम करून भिंतीवर लावला. लोक विचारतात, हात खिशात का, थंडी होती का? कपाळावरचा टिळा मात्र सगळ्यांना तिथल्या देवळातला वाटतो.

रंग चढला की आखणीच्या रेघा दिसत नाहीत. पण पट्टा सरळ आला असणार. एक टोक मी धरलं होतं.