अक्कांची धुळ्याची खोली

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. पारोळ्यात राहणाऱ्याला एवढं सांगितलं की पुरे. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पाणी आलं की बाई नळ सोडून हलत नाही, मग दारात कुणी का येईना. समोरच्या दुकानातून हाक आली, "निर्मला, धुळ्याहून फोन शे, लवकर ये." मी म्हटलं, एवढी कळशी भरते नि येते. वाटलं, अक्काच असतील, शनिवारी यायला उशीर होईल म्हणून सांगत असतील. दुसरी कळशी नळाखाली लावून गेले, तर फोनवर त्यांच्या धुळ्याच्या घरमालकिणीचा मुलगा होता. म्हणाला, तुमच्या सासूबाई सकाळी उठल्या, छातीत दुखतंय म्हणाल्या, रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं. मी रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी. घरी आले तेव्हा कळशी भरून वाहत होती आणि पाणी ओट्यावरून गटारात चाललं होतं. नळ बंद करायचंही मला सुचलं नाही.

दुपारी त्यांना पारोळ्याला आणलं. गाव लोटलं होतं. अक्का म्हणजे साऱ्या भाऊबंदकीच्या अक्का, त्यामुळे कोण कुठून आलं याचा हिशोब नव्हता. रडारड चालली होती, आणि त्यात नात्यातलीच एक बाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आते आखाजीले मांडा कोण करी व माय!" कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट चार जणींनी माना हलवल्या, एक-दोघींना नव्यानं हुंदका आला. माझं डोकंच फिरलं. अहो, आमच्या अक्का एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या! मराठी घेऊन एम.ए.! परीक्षा महिन्यावर आली होती, आणि त्याबद्दल त्या सगळ्या घोळक्यात एक शब्द नाही. मेल्यावरसुद्धा बाईला चुलीपुढेच बसवायचं का? त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. भांडी घासता घासता उठते, अंगणात जाते, परत येते. शेवटी म्हटलं, लिहून तरी टाकावं.

मांड्यांचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण तिला तवा नसतो. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. मी पहिल्यांदा केला तेव्हा अर्धा चुलीत गेला आणि उरलेला माझ्या बांगड्यांत अडकला. अक्कांच्या हातांवर तो कापडासारखा पसरायचा. खान्देशात लग्न असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, नाहीतर जावयाचं पहिलं जेवण असो, मांडे पाहिजेतच. आणि मांडे म्हटलं की अक्का. अमळनेरहून, जळगावहून, कुठून कुठून बोलावणं यायचं. नाही म्हणायची रीतच नव्हती. एकदा एखाद्या बाईचा हात बसला की ती साऱ्या भाऊबंदकीची होते, तिला कुणी विचारत नाही, नुसता निरोप देतात.

अक्का जुन्या मॅट्रिक. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी त्यांनी बी.ए.चा फॉर्म भरला. कॉलेजात न जाता घरी अभ्यास करून परीक्षेला बसायचं, तशी सोय होती. "आते घरमा सून उनी, आते मी मोकळी," असं हसत हसत म्हणाल्या. मी मनात म्हटलं, वा गं वा, म्हणजे मला आणलंय ते यांना मोकळं करायला! आठवडाभर मी तोंड फुगवून होते. पण बाईचा अभ्यास पाहण्यासारखा होता. एका जागी बसून वाचताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही. पुस्तक हातात, आणि ओट्यापासून मागच्या दारापर्यंत येरझारा. मधेच डाळ ढवळायची, मधेच दुधाकडे बघायचं, आणि तोंडानं पाठांतर चालूच. मी म्हणायची, "बसा ना हो अक्का, मला गरगरायला लागलं." तर म्हणायच्या, "बसनी का झोप येस."

खरी पंचाईत वेगळीच होती. परीक्षा असायची एप्रिलमध्ये. लग्नसराई एप्रिलमध्ये. आखाजीसुद्धा त्याच सुमारास. "विद्यापीठवाल्यांच्या घरी लग्नं होत नसतील गं," असं अक्का म्हणायच्या. एका वर्षी नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, चुलतभावाच्या मुलीचं लग्न नेमकं पेपरच्या दिवशी धरलं. अक्कांनी आठ दिवस आधीपासून नानांच्या मागे भुणभुण लावली. नाना बाजार समितीत नोकरी केलेले, तोलूनमापून बोलणारे. म्हणाले, "पेपर काय, पुढल्या वर्षी बी येई. पोरनं लगीन पुढल्या वर्षी येई का?" झालं! अक्का लग्नाला गेल्या. पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाचं तरी लग्न निघालं. असं करत करत तीन वर्षांचं बी.ए. किती लांबलं ते विचारू नका. माझी दोन्ही मुलं शाळेत जायला लागली, तरी आमच्या अक्का आपल्या शेवटच्या वर्षालाच.

ज्या वर्षी बी.ए. सुटलं, त्या वर्षीही शेवटच्या पेपरला घरचंच लग्न होतं. अक्का पहाटेपासून खापरापुढे. मी शेजारी बसून उंडे भरून देत होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते. परीक्षा अमळनेरला, तिथली गाडी निघायची वेळ झाली तशा त्या उठल्या, हात धुतले न धुतले, मला म्हणाल्या, "उरलेले तू कर. फाटले तर फाटू दे." आणि गेल्या! वऱ्हाडातल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. माझे फाटके मांडे त्या दिवशी पंगतीत फिरले आणि त्यावर पुढं वर्षभर चर्चा झाली. अक्का परत आल्यावर सांगत होत्या, उत्तरपत्रिकेच्या पहिल्याच पानावर तुपाचा डाग पडला, आता तपासणारा काय म्हणेल...

तपासणाऱ्यानं काही म्हटलं नाही, चांगले भरभरून मार्क दिले. फर्स्ट क्लास! आमचे हे जळगावला गेले होते, तिथून निकाल घेऊनच आले. दारातून ओरडले, "अक्का, फर्स्ट क्लास!" अक्कांनी दोनदा विचारलं, "नाव माझंच होतं ना रे?" मग त्या घरभर फिरल्या, अंगणात गेल्या, परत आल्या, देवापुढे साखर ठेवली, आणि ती ठेवल्याचं विसरून पुन्हा ठेवली. नानासुद्धा खूश. छातीवर हात ठेवून म्हणाले, रविवारी सगळ्यांना जेवायला बोलवा. आता सांगा, जेवायला काय? मांडे! आणि करणार कोण? माझ्या लक्षात आलं तेव्हा मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. जिचा सत्कार, तीच नवं लुगडं नेसून धुरात बसलेली. माणसं यायची, दारातून डोकावून "अक्का, नाव काढलं!" म्हणायची आणि पानावर जाऊन बसायची.

त्यातच कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "चला, संपलं एकदाचं शिक्षण!" अक्कांच्या हातावर मांडा होता. तो त्यांनी खापरावर टाकला, कड सारखी केली आणि आतूनच म्हणाल्या, "संपनं कोठे? मी एम.ए. करसू. धुळ्याले जाईसन."

पंगतीत एकच हशा. नानांचा चेहरा उतरला होता, तरी चारचौघांत हसण्यावारी नेत ते म्हणाले, "एम.ए. करीसन काय कलेक्टर व्हशी?"

"कलेक्टर नही व्हनं माले," अक्का म्हणाल्या. "माले कॉलेजना बाकवर बसनं शे."

एवढंच. पण आवाज असा होता की हसणारे खाली मान घालून जेवू लागले. बी.ए. झाली बाई, पण कॉलेज म्हणून जे काही पाहिलं ते परीक्षेपुरतं, नंबर शोधण्यापुरतं. कुणी शिकवतंय आणि आपण नुसतं ऐकतोय, हे त्यांना मॅट्रिकनंतर मिळालंच नव्हतं. मला तोपर्यंत हे कळलं नव्हतं हो. मी परात पुढ्यात ओढली आणि म्हटलं, "उठा अक्का. आज तुम्ही पंगतीत बसायचं." दंडाला धरून बसवलं त्यांना. दोन घास खाल्ले असतील-नसतील, तूप कुणाला राहिलं ते बघायला उठल्याच.

धुळ्याला जायचं म्हणजे पारोळ्याहून तासाभराची एसटी. पहिलं वर्ष त्यांनी जाऊन-येऊन काढलं. दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकून सकाळची गाडी, संध्याकाळी आल्या की पुन्हा ओट्याशी. मी म्हणायची, मी करते ना सगळं, तर नानांना भाकरी त्यांच्याच हातची लागायची, आणि त्यांनाही ते मोडवत नव्हतं. पण काय खुलल्या होत्या! पहिल्या दिवशी वर्गात शिरल्या तर पोरं धडाधड उभी राहिली. "मी मागं वळून पाहिलं, कोण सर आले म्हणून," हे सांगताना हसून हसून त्यांना ठसका लागला. पुढचे बेत तर विचारूच नका. एम.ए. झालं की पीएच.डी. करायची, आणि ती आखाजीच्या गाण्यांवर. म्हणायच्या, बायका जन्मभर ही गाणी म्हणत आल्या, त्यांच्यावर एखादीनं लिहायला नको का? मी विचारलं, "आणि पीएच.डी. झाल्यावर?" तर भाकरी उलटत म्हणाल्या, "मग बी शिकसू."

दुसऱ्या वर्षी त्यांनी धुळ्याला खोली घेतली तेव्हा घरात महाभारत झालं. तासाभराचा तर रस्ता, खोली कशाला? आमचे हे म्हणाले, लोक काय म्हणतील? नानांनी बोलणं टाकलं. अक्कांचं एकच उत्तर, "एसटीना भरोसा नही." कुणालाच ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं, मी बोलले नाही एवढंच. सोमवारी जायच्या, शनिवारी यायच्या. शनिवारी पिशवी खुंटीला लावली की पदर खोचून थेट चुलीशी, आणि रविवारी कुणाकडे ना कुणाकडे पुरण शिजलेलंच असायचं. थकलेल्या दिसायच्या. सोमवारी सकाळी मात्र पायात चपला घालून गाडीच्या कितीतरी आधी तयार. मी म्हणायची, मला एकदा तुमची खोली दाखवा. "परीक्षेनंतर ये," म्हणायच्या.

या एप्रिलमध्ये भाऊबंदकीत दोन लग्नं होती. निरोप नेहमीप्रमाणे आलेच. शेवटच्या त्या रविवारी अक्कांनी नानांसमोर, निरोप घेऊन आलेल्या माणसासमोर सांगितलं, "यंदा माले नही जमनार. एप्रिल मना शे." तो माणूस चहा न घेता गेला. नाना पेपर तोंडापुढे धरून बसले. अक्का माझ्याकडे बघून असं हसल्या... आयुष्यात पहिल्यांदा एक महिना स्वतःसाठी मागून घेतला होता बाईनं. तो त्यांना मिळाला नाही. हेच मला सोसत नाही.

मागच्या आठवड्यात मी खोली रिकामी करायला धुळ्याला गेले. एकटीच गेले. घरमालकीण म्हातारी मारवाडी बाई, सगळे तिला काकी म्हणतात. तिनं कुलूप काढून दिलं आणि ती दारात उभी राहिली. मी मोठ्या पिशव्या नेल्या होत्या. म्हटलं स्टो असेल, डबे असतील, तवा-परात असेल. खोलीत एक खाट, खिडकीशी टेबल-खुर्ची, पुस्तकं, पाण्याचा माठ आणि त्यावर एक पेला. मी फळीवर पाहिलं, खाटेखाली वाकून पाहिलं. मला वाटलं, काकींनी आवरून बाजूला ठेवलं असेल. म्हणून विचारलं, "भांडी कुठे आहेत हो?"

"भांडी नव्हतीच," काकी म्हणाल्या. "खाणावळीचा डबा यायचा. मी म्हटलं होतं, माझा एक स्टो पडून आहे, घ्या. तर नको म्हणाल्या. साधा चहासुद्धा इथं केला नाही कधी. डबा आला की खुर्चीवर बसून खायच्या आणि तिथंच वाचत बसायच्या... तासन् तास. उठायच्याच नाहीत."

मी त्या खुर्चीकडे बघत राहिले. काकी जवळ आल्या, जरा घुटमळल्या.

"एक विचारू का? राग मानू नका. तुमच्या सासूबाईंना स्वयंपाक येत नव्हता का हो?"

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि खुर्चीवर बसले.

"हो ना, काकी," मी म्हटलं. "आमच्या अक्कांना स्वयंपाकातलं काही म्हणजे काही येत नव्हतं."