भोईर मामा, मी आणि भिंतींमधली वायर

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. जुन्या घराचं वायरिंग तपासायला जायचं, बोर्ड उघडायचा, आणि वायरींच्या आधी आतून माणसंच बाहेर येतात! कुणी कधी काय जोडलं, कोण कशाला घाबरलं, सगळं. लायसन्स माझं, सही माझी. हात मात्र भोईर मामांचे. मामा आमचे वायरमन. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर आम्ही दोघं स्कूटरवर पालथं घालतो. परत येताना चहाला थांबलो की मामा म्हणतात, "मॅडम, आजचं लिहून ठेवा." म्हटलं, ठेवूच.

*

अंबरनाथ पश्चिमेला एक काका. फोनवर म्हणाले, "या हो, घर अगदी अपटुडेट आहे." गेलो तर खरंच टकाटक! एक लोंबती वायर दिसेल तर शपथ.

मामा मेन बंद करायला वळले आणि पलंगातून रिंग वाजायला लागली. पलंगातून!

झाकण उचललं. आत गोधड्यांच्या घडीत पाच एक्स्टेंशन बोर्ड, एकात एक खोचलेले, सगळे चालू, आणि त्यातल्या एकाला काकांचा मोबाईल चार्जिंगला. आम्ही येणार म्हणून सकाळीच सगळं आत कोंबलं होतं. गोधडी हाताला चांगली गरम लागत होती.

काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, निदान बटणं तरी बंद करा!"

मामा शांतपणे म्हणाले, "काका, आम्ही मार्क द्यायला नाही आलो. तुम्ही सुखरूप राहावं म्हणून आलोय."

*

उल्हासनगरच्या एका जुन्या घरात सिंधी आंटी एकट्या राहतात. फ्रिजसमोर रबरी चपलांचे चार जोड, ओळीने मांडलेले. मी आपली देवळात जावं तशी बाहेरच चपला काढून उभी, तर आंटी ओरडल्या, "अरे बेटा, वो पहनो, फिर खोलो! गुदगुदी करता है."

गुदगुदी! मामांनी फ्रिजला टेस्टर लावला, दिवा लखकन पेटला. जमिनीत जायला हवी ती अर्थिंगची वायर शोधत गेलो तर ती भिंतीतल्या एका खिळ्याला गुंडाळलेली. त्याच खिळ्यावर कॅलेंडर. इतकी वर्षं पाहुणे आले, गेले, पाणी प्यायले, आणि या घराला चपलेच्या रबराने सांभाळलं.

मामांनी करंट गळला की लाईन तोडणारी ट्रिपर पेटी बसवली. फ्रिज लावला, पेटीचं बटण फट्‌कन खाली पडलं. आंटी वैतागल्या, "इतने साल चला, आपके डिब्बे ने आते ही बंद कर दिया!"

मामा म्हणाले, "आंटी, डिब्बे ने बंद नहीं किया. डिब्बे ने आपको पहली बार बताया."

आंटींनी पदर डोक्यावर घेतला आणि तिला हात जोडले.

*

बदलापूरच्या मांजर्लीला पूर येऊन गेल्यावर फोनची रांग लागते. तिथल्या एका शिक्षिकाबाईंचं तळमजल्याचं घर. पाणी ओसरलं, शेजाऱ्यांनी पंखे लावून घरं वाळवायला घेतली. बाईंनी मात्र मेन स्विचवर कापड बांधलं, वर कागद चिकटवला: 'हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे.' आठ दिवस अंधारात. सासरे चिडले, मुलगी रुसली, नवरा म्हणाला, "अगं, सगळ्यांचं चालू आहे!" बाई ढिम्म. आमचा नंबर लागेपर्यंत थांबल्या.

मामांनी बोर्ड उघडला. आतून गाळ आला, चमच्याने काढावा इतका. स्वयंपाकघरातल्या बोर्डात ओला गाळ करंटच्या फेज वायरीपासून थेट लोखंडी पेटीपर्यंत पसरलेला, आणि त्या पेटीला टेकूनच स्टीलची मांडणी.

नवऱ्याने मांडणीवरचा एक पेला उचलला, हातात धरला, परत ठेवला.

मामांनी बाईंना विचारलं, "तुम्ही शाळेत काय शिकवता?"

"मराठी."

"मग हे कुणी शिकवलं?"

बाई म्हणाल्या, "कुणी नाही हो. मला भीती वाटली. आणि घाबरायला मी लाजले नाही."

*

अंबरनाथ पूर्वेला फॅक्टरीतून रिटायर झालेले एक साहेब. घर जुनं, म्हणून मुलाने पुण्याहून आमची व्हिजिट ठरवलेली. साहेब आधीच म्हणाले, "अर्थिंग बदलावंच लागेल. खड्डा मीच केला होता, पाण्यावाचून सुकून आता मेला असणार."

मामांनी मीटर लावला. आकडा इतका सुरेख, की त्यांनी वायरी काढून परत लावल्या. तोच आकडा! नव्या टॉवरला मिळत नाही असं अर्थिंग.

साहेबही चक्रावले. तेवढ्यात त्यांच्या मिसेस तांब्या घेऊन अंगणात आल्या आणि कोपऱ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातून वर आलेल्या पाईपात पाणी ओतून आत निघाल्या.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच म्हणालात, इथे रोज पाणी घालत जा. एक दिवस चुकवलं नाही. बाळंतपणात सुद्धा आईला घालायला लावलं. मला वाटलं, तुमच्या घराण्याचा देव आहे!"



*

आणि हा अंबरनाथजवळच्या पालेगावचा. चारी बाजूंनी टॉवर, मध्ये एक कौलारू घर. सुनेने बोलावलं होतं, एसी लावायच्या आधी वायरिंग बघून घ्यायला. ओट्यावर तिचे सासरे. दोन्ही डोळ्यांनी आंधळे.

सगळ्या लाईनी तपासल्या. मीटरवर सगळं ओके. मी रिपोर्टवर सही करायला पेन काढलं.

आजोबा उठून आत आले. भिंतीवर तळहात ठेवून सावकाश चालायला लागले, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसे. नातीच्या पलंगाच्या उशाशी थांबले.

"हितं बघा. हितं भिंत ऊन लागती."

सून ओशाळली. "ते रोज असंच करतात हो, लक्ष नका देऊ."

मामांनी तिथे परत मीटर लावला. ओके. हात लावला, भिंत गार. मलाही गार. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पेन बंद केलं.

मामांनी छिन्नी घेतली. दोन ठोक्यांत प्लास्टर पडलं. आत वायरीचा जुना जॉईंट, वरचं कव्हर जळून काळं, तांबं उघडं, आणि बाजूचं भिंतीतलं लाकूड कोळशासारखं झालेलं.

सुनेने दाराशी उभ्या पोरीला उचलून छातीशी धरलं.

मामांनी मीटर बॅगेत टाकला, चेन लावली, आणि आजोबांचा हात धरला.

"चला बाबा, आता पुढची खोली तपासा."