वाळूतला

"वाळूतला घ्या जी, वाळूतला!" अशी हाळी देऊन मावशी पदराचं टोक दातांत धरायची. हसू दाबायची तिची ती रीत.

तिच्या घमेल्यात वळवळणाऱ्या त्या बोटभर माशाला अख्खं नाचणगाव मुऱ्या म्हणतं. चाहूल लागली की वाळूत मुरतो, म्हणून मुऱ्या. इतकं सरळ नाव, पण मावशीच्या तोंडून कधी निघालं नाही.

मी मुद्दाम खोडी काढायचो. "नाव नीट सांगा, तरच घेतो."

"नोको घेऊ बापा. मांजरीले टाकीन."

एकदा गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तिनंच सांगितलं. "माह्या सासूचे पयले लेकरं जगलेच नाई. मंग हा झाला, तं तिनं माशाचं नाव ठेवलं. म्हने, वाळूत लपून राहीन पोट्टा, मरनाले सापडनार नाई."

तो पोट्टा म्हणजे मावशीचा नवरा, नदीवर जाळं टाकणारे आमचे मुऱ्याभाऊ. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, मग मासा विकायचा कसा? बाईनं माशाचंच नवं बारसं केलं! पुढं पुढं निम्मा बाजार वाळूतलाच मागू लागला.

"उखाण्यात तरी घेतलं असेल की!" मी म्हणालो.

"घेतलं एक डाव. सोनं का रोज घालते कोनी?"

मागच्या उन्हाळ्यात मुऱ्याभाऊंना सावंगीच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो, तर मावशी उशाशी बसून सारखी म्हणत होती, "अवो, आयकून राह्यले का?" ते डोळे उघडेनात. शेवटी ती वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "मुऱ्या."

भाऊंनी डोळे उघडले. बायकोकडं पाहिलं आणि, काय सांगू, चक्क लाजले. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

दिवस झाल्यावर मावशी परत बाजारात दिसली. मी नेहमीसारखं म्हणालो, "अर्धा किलो वाळूतला द्या."

"मुऱ्या म्हन."

पदराचं टोक दातांत नव्हतं. तिनं मासे तोलून पिशवीत टाकले आणि भर बाजारात हाळी दिली, "मुऱ्या घ्या जी, मुऱ्या!"

"मावशी, अन् रीत?"

"रीत राहू दे," ती म्हणाली. "थो कुठं वाळूत लपला असन, तं नाव आयकून निंगन वरतं."