मधल्या खोलीचं छप्पर

शशिकलेचा आयुष्यात दोघांवर राग होता. एक माकडं आणि दुसरं ग्वाल्हेर. माकडांनी तिच्या घराचं छप्पर मोडलं आणि ग्वाल्हेरने ते नीट होऊ दिलं नाही. ज्याच्यावर राग असा तिसराही एक होता, पण तो नवरा पडल्यामुळे त्याचं नाव ती घेत नसे.

घर इंदूरच्या स्नेहलतागंजात, तीन खोल्यांचं, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचं. सासऱ्यांनी होळकर दरबारच्या नोकरीत असताना बांधलेलं. भादव्यात एका दुपारी शेजारच्या चिंचेवरून माकडांची टोळी मधल्या खोलीवर उतरली, वर काय हाणामारी झाली देव जाणे, आणि आढं कडकन मोडून अर्धं छप्पर दळणाच्या डब्यांवर आलं. नशीब, खोलीत कोणी नव्हतं. कवेलू घालणारा भेरूलाल आला, त्याने मोडकं लाकूड बोटाने टोकरलं तर आतून वाळवीची माती गळाली.

"बाईसाब, इसमें अब थिगळा नी चलेगा," तो म्हणाला. "पूरा छप्पर उतारो, नवी लकड़ी डालो. नी तो अगली बरसात में दीवाल को भी लेके बैठेगा."

घराचा विमा होता. गल्लीच्या टोकाच्या लाकडाच्या वखारीला आग लागली तेव्हा घाबरून अच्युतरावांनी, म्हणजे शशिकलेच्या यजमानांनी, तो उतरवला होता. शशिकला पदर खोचून एजंट अप्पासाहेबांकडे गेली. अप्पासाहेब सज्जन माणूस, त्यांनी चहा पाजला आणि मग सांगितलं, "वहिनी, पॉलिसी आगीची आहे. माकडं त्यात बसत नाहीत. आग लागली असती तर एका महिन्यात पैसे हातात ठेवले असते."

"मग लावू का?" शशिकला म्हणाली.

अप्पासाहेब हसले. ती हसली नव्हती.

हाताशी पैसा नव्हता. आदल्या वर्षीच मंजिरीचं लग्न झालं होतं, उज्जैनला दिली होती, आणि एकुलत्या एका मुलीच्या लग्नात काही राखून ठेवायचं नसतं. अच्युतराव मात्र शांत होते. "फंडातून उचल घेऊ," ते म्हणाले. "माझाच पैसा आहे, सरकार मला नाही म्हणणार नाही." त्यांनी टाक काढला आणि असा काही अर्ज लिहिला की वाचणाऱ्याने छपरावर नव्हे, अक्षरावर खूश होऊन पैसे द्यावेत.

अच्युतराव रेकॉर्डचे हेडक्लार्क. होळकरांचं राज्य गेलं, मध्यभारत आलं, आणि नव्या राज्याची राजधानी दोन गावांत वाटली गेली. दिवाळी झाली की सगळं ऑफिस ग्वाल्हेरला, ऊन तापलं की परत इंदूरला. कागद, कपाटं, साहेब, चपराशी, सगळे आगगाडीत. त्या कागदांच्या पेट्या भरायच्या, खिळे ठोकायचे, सुतळीने आवळायच्या आणि वर खडूने नंबर घालायचे, हे काम अच्युतरावांचं. त्यांनी बांधलेल्या पेटीतला एक कागद कधी हरवला नाही. ह्याचा त्यांना फार अभिमान होता. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी स्वतःचा अर्जही अशाच एका पेटीत घातला, खिळा ठोकला, नंबर टाकला, आणि त्याच्याबरोबर आपणही ग्वाल्हेरला गेले. छप्पर इथे, अर्ज तिथे. मोडक्या खोलीवर ताडपत्री घालून शशिकला एकटी राहिली.

मार्गशीर्षात मंजिरीचं पत्र आलं. तिला दिवस गेले होते. आषाढअखेर होईल म्हणाली वैदीण.

शशिकलेने पत्र दोनदा वाचलं आणि उठून मधल्या खोलीत गेली. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात विचारायचं काही नव्हतं, ते असंच असतं. पुढची खोली बैठकीची, मागची स्वयंपाकाची. बाळंतिणीची खाट, शेक-शेगडी, धुरी, हे सगळं मधल्याच खोलीत व्हायचं, जिथे आता ताडपत्रीतून आभाळाचा तुकडा दिसत होता. माळ्यावर मंजिरीचाच पाळणा होता, सागवानी, रंगीत लाकडी पोपट लावलेला. तिने तो खाली काढून पुसला. भेरूलालला बोलावून सांगितलं, "बघ भिया, पैसे आले की काम सुरू. आणि नव्या तुळईला सगळ्यात आधी पाळण्याची कडी बसवायची. विसरायचं नाही."

"कैसे भूलेंगे, बाईसाब," भेरूलाल म्हणाला.

पण पैसे येतात कुठले. ग्वाल्हेरहून पत्रं यायची ती अशी की, अर्जावर शंका निघाली आहे. फंड होळकर दरबारच्या वेळचा, तो नव्या राज्याच्या फंडात मिळवला गेला आहे का, ते बघायला कागद इंदूरला पाठवला आहे. शशिकला टांगा करून तुकोगंजातल्या ऑफिसात गेली. तिथे कुलपं लावलेली कपाटं आणि उन्हात बसलेला एक चपराशी. "भाभीजी, यहाँ तो कोई नी है," तो म्हणाला. "साब लोग सब ग्वालियर में. कागज आया था, देखनेवाला नी था, तो वापस भेज दिया." ती परत आली ती अंगाचा तिळपापड घेऊन, आणि टांगेवाल्याशी उगाच भांडली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या, त्यांनी ताडपत्री पाहिली. शेजारची सुमन गल्लीतल्या बायकांची भिशी चालवायची. त्या महिन्याची चिठ्ठी तिच्याच नावाने निघाली होती, शिलाई मशीन घ्यायचं म्हणून वर्षभर थांबली होती बिचारी. ती म्हणाली, "वहिनी, मशीन काय पळून नाही जात. तुम्ही घ्या ह्या वेळी. बाळंतीण यायची आहे घरात." आणि पैसे शशिकलेच्या ओटीतच घातले. लाकूड आणि मजुरी भागेल एवढे होते. कवेलू भेरूलाल उधारीवर आणणार होता.

चार दिवस शशिकलेला गाढ झोप लागली. तिने हे सगळं ग्वाल्हेरला लिहून कळवलं होतं. पाचव्या दिवशी अच्युतरावांचं उत्तर आलं. "अर्ज मार्गी लागला आहे, आता फक्त सहीचा अवकाश. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या पैशाने आपल्या घराण्यात छप्पर घातलं गेलं, असं कोणी म्हणायला नको. पैसे परत करावेत."

तिने परत केले. हे तिला पुढे जन्मभर डाचलं. नवऱ्याचा राग सांगायला सोपा, पण पदरात पडलेले पैसे स्वतःच्या हाताने सुमनच्या दारी नेऊन देणारी तीच. सुमनने मशीन घेतलं आणि दुपारभर त्याचा खडखडाट भिंतीपलीकडून यायला लागला. शशिकला ऐकत बसायची.

होळी झाली, रंगपंचमी झाली. चैत्र संपता संपता अच्युतराव सामान घेऊन घरी आले, हातपाय धुऊन पाटावर बसले, आणि शशिकलेने पान वाढायच्या आधी विचारलं, "अर्ज कुठे आहे?"

"पेटीत."

"पेटी कुठे आहे?"

"येईल. प्रलंबित कागदांच्या पेट्या शेवटी निघतात."

"हे कोणी ठरवलं?"

"मीच," अच्युतराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं. "त्याआधी फार गोंधळ व्हायचा."

शशिकलेने हात टेकले. तिने पाटल्या काढून समोर ठेवल्या, सराफ्यात गहाण टाका म्हणाली. अच्युतरावांनी पाटल्यांकडे पाहिलं. "मुलीच्या बाळंतपणात आईचे हात मोकळे? विहीणबाई काय म्हणतील?" आणि इथे, खरं सांगायचं तर, शशिकलाही डगमगली. विहीणबाईंसमोर मोकळ्या हातांनी वावरायचं तिच्याही जिवावर आलं. पाटल्या परत हातात गेल्या.

विहीणबाई ज्येष्ठात आल्या. द्वारकाबाई, मंजिरीची सासू, तिला माहेरी पोचवायला म्हणून. बाई स्वभावाने वाईट नव्हती, हेच अवघड होतं. वाईट असती तर भांडता आलं असतं. त्यांनी चहा घेतला, घर पाहू म्हणाल्या, मधल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. वाऱ्याने ताडपत्री फडफडत होती. कोपऱ्यात पुसलेला पाळणा आणि डिंकाच्या लाडवांचा डबा.

"पैसे मंजूर झालेच आहेत," शशिकला म्हणाली. "आठ दिवसांत छप्पर होतं बघा."

"होईल हो," द्वारकाबाई मऊपणे म्हणाल्या. "पण आभाळ काही थांबायचं नाही, विहीणबाई. राहू द्या. आम्हीच करतो बाळंतपण. तिकडे छप्पर पक्कं आहे."

"मी पुढच्या खोलीत राहीन ना," मंजिरी म्हणाली.

"पुढच्या खोलीत गावभरचं येणं-जाणं. ओली बाळंतीण काय उंबऱ्यात निजवायची, बाळा?"

ते बरोबर होतं. जाताना टांग्यात बसल्यावर मंजिरीचे डोळे भरून आले. ती आईला एवढंच म्हणाली, "लाडू पाठवशील ना?" शशिकलेने मान हलवली. टांगा वळेपर्यंत ती उभी राहिली, मग आत येऊन भांडी आपटली. अच्युतराव म्हणाले, "मंजुरी आली की मंजिरीला परत आणू." तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते संध्याकाळी फिरायला जरा लवकरच बाहेर पडले.

मंजुरी आली. आषाढ निम्मा सरला तेव्हा आली. पंधरवड्यानंतर उघडीप मिळाली, तेवढ्यात भेरूलालने माणसं लावून नवं लाकूड चढवलं, कवेलू बसवले. खोली कोरडी ठणठणीत झाली आणि त्याच दिवशी उज्जैनहून कार्ड आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. शशिकलेने देवापुढे साखर ठेवली. मग ती मधल्या खोलीत गेली आणि वर पाहिलं. तुळईच्या बरोबर मध्ये लोखंडी कडी होती, नवी कोरी. भेरूलाल विसरला नव्हता.

दोन दिवसांनी अच्युतरावांच्या हाताखालचा कारकून श्रीपाद पेढे मागायला आला. अच्युतराव बाजारात गेले होते. श्रीपादने छप्पर पाहिलं, तारीफ केली आणि तोंडात पेढा धरून म्हणाला, "वहिनी, साहेबांसारखा माणूस मिळायचा नाही. डिसेंबरातच सगळ्या शंका मिटल्या होत्या. सही करणारे बडे साहेब तर आमच्या शेजारच्याच खोलीत. मी म्हणालो, द्या इकडे, आत्ता घेऊन येतो सही. तर ऐकतील तर शपथ. म्हणाले, माझ्या आधी कितीतरी लोकांचे अर्ज आहेत. स्वतःचा अर्ज स्वतःच्या हाताने गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. नंबराप्रमाणे येईल तेव्हा येईल, म्हणाले. ऐसा आदमी दिखाओ आप मुझे."

शशिकलेने त्याला आणखी एक पेढा दिला.

अच्युतराव आले, छत्री मिटली. पाऊस पुन्हा लागला होता. ते मधल्या खोलीत उभे राहिले आणि समाधानाने म्हणाले, "बघ, थेंब नाही."

"शेजारच्या खोलीत होते ना तुमचे साहेब?" शशिकलेने विचारलं. "भिंत एक. आणि मी इथे टांगे करत फिरत होते."

अच्युतरावांना समजायला क्षणभर लागला. "अगं, रांग मोडून कसं चालेल? लोकांचेही अर्ज होतेच. कोणाचं लग्न, कोणाचं आजारपण."

"असेल. मी तुम्हाला चोरी करा म्हणत नाही. पण मग सुमनचे पैसे का परत करवलेत? रांगेत शेवटी उभं राहायचं होतं ना, तर मला तसं लिहायचं होतं. 'फक्त सहीचा अवकाश' कशाला लिहिलंत? मी त्या तीन शब्दांवर बसून राहिले." ती रडत नव्हती. रडली असती तर अच्युतरावांना बरं वाटलं असतं. "तुमचं नाव राहिलं, घराण्याचं राहिलं. माझी पोर काय ती विहिणीच्या छपराखाली बाळंत झाली. आता ही कोरडी खोली घेऊन मी काय करू?"

अच्युतरावांनी ओली छत्री कोपऱ्यात नेऊन उभी केली.

बारशाला उज्जैनला जायचं होतं. पाळणा आजोळचा जातो, तेव्हा पोपटवाला पाळणा न्यायचा ठरला. निघायच्या सकाळी शशिकला आंघोळ करून आली तर अच्युतराव मधल्या खोलीत जमिनीवर बसून पाळणा बांधत होते. जुन्या ताडपत्रीचा चांगला तुकडा कापून त्यांनी खाली अंथरला होता. पोपट एकेक सोडवून जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळले होते. सुतळी चारी बाजूंनी अशी आवळली होती की पाळणा विलायतेला गेला असता तरी हलला नसता. त्यांना हे काम फार चांगलं येत होतं. शशिकला दारात उभी राहून बघत होती, वरच्या कडीखाली नवऱ्याचं टक्कल हलताना.

शेवटची गाठ मारून अच्युतरावांनी सवयीने कोटाच्या खिशात हात घातला, खडू काढला आणि ताडपत्रीवर टेकवला.

शशिकला पुढे झाली आणि तिने तो खडू त्यांच्या हातातून काढून घेतला.

"ह्याला नंबर नको," ती म्हणाली. "जा, टांगा बोलवा."