मनगटावरचा खिळा

खिळा ठोकण्याआधी तो एकदा स्वतःच्या मनगटावर टेकवायचा. "हितं," म्हणायचा. "तळव्यात न्हाय. तळवा फाटंल की, वजन कसं पेलंल?" मग ठोकायचा.

सोलापुरात गिरणीच्या सुतारखात्यात आम्ही दोघं बारा वर्षं एका बाकावर होतो. तो मिशनमधला ख्रिस्ती, मी भवानी पेठेतला. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, एकच गोष्ट जन्मभर उगाळणारा. ह्याची गोष्ट क्रुसाची. चर्चमधल्या तसबिरीत खिळे तळव्यात दाखवलेत, ते सुतारकामाला धरून नाही, असं त्यानं गोऱ्या पाद्रीसाहेबाला तोंडावर सांगितलं. त्या वर्षी चर्चच्या बाकांचं काम दुसऱ्याला गेलं.

"खिळ्यानं मानूस मरत न्हाय. दम कोंडून मरतो." हे त्याला स्वतःवरून ठाऊक. एकदा छपरावरून पाय निसटला आणि शिडी येईपर्यंत तुळईला लोंबकळत राहिला. हात दुखलेच, पण छाती भरली ती रिकामी होईना. क्रुसावरचा माणूस पायांवर जोर देऊन अंग वर उचलतो, एक श्वास सोडतो, एक घेतो, परत खाली येतो. दिवस दिवस असं चालायचं. लवकर संपवायचं असलं तर तंगड्या मोडायचे.

मी विचारलं, मारायला तलवारी नव्हत्या काय?

"व्हत्या की. पर हे नुसतं मारायला न्हवतंच. रोमी शिपाई रस्त्याच्या कडंला खांब रोवायचे. गुलाम, बंडखोर टांगायचे. येनाऱ्या-जानाऱ्यानं बघावं म्हनून."

संध्याकाळी तो माझ्या दारापर्यंत यायचा आणि बाहेरच्या दगडावर बसायचा. त्याचा कान तुटलेला कप बाहेरच्याच कोनाड्यात. बायको म्हणायची, आत बोलवा की त्यास्नी. मी म्हणायचो, गल्ली काय म्हणेल.

मग बायकोची छाती बिघडली. वीस वर्षं गिरणीत कापसाची धूळ गिळलेली. आम्ही तिला आडवी ठेवली होती. ती कोपरांवर उठू बघायची, आम्ही परत निजवायचो, जरा पड म्हणून. दारात सगळी गल्ली जमलेली.

मिस्त्री आला. उंबऱ्याबाहेरूनच त्यानं बघितलं.

"निजवू नगा. बसवा तिला. येऊ का आत?"

मी लगेच हो म्हणालो नाही. गल्लीकडे बघितलं. तेवढ्यात तिचे दोन-चार श्वास वाया गेले असतील. मग म्हटलं, ये.

"बघायला काय हाय हितं?" लोकांना म्हणाला आणि दार लावून घेतलं. बाजेवर बसला, तिच्या पाठीला पाठ लावून. तिचा श्वास जरा सुटा झाला. तीन दिवस आम्ही दोघं आळीपाळीनं तसे बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला बोलण्यापुरता दम आला. मला वाटलं, माझ्याशी काही बोलेल.

"मिस्त्रीस्नी च्या द्या," म्हणाली. "कपबशीत द्या."

दिला. पाठ न हलवता तो प्याला. बशी रिकामी व्हायच्या आत ती गेली. आधी त्याच्या पाठीला कळलं. तरी तो दिवे लागेपर्यंत उठला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात तोही गेला. मिशनच्या लोकांनी थडग्यावरचा क्रूस मला करायला सांगितला. सागाच्या दोन फळ्या घेतल्या. खिळा उचलला, मनगटावर टेकवला, परत डबीत टाकला. खाच पाडून नुसता सांधा बसवला.