बाकावरची गोधडी

माझी नणंद आयर्लंडमध्ये, स्लायगोच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. महिन्या-दीड महिन्यातून एकदा आम्ही तिघं, मी, नवरा आणि तेरा वर्षांची मुलगी, सिटीवेस्टच्या आमच्या घरून गाडी काढून तिच्याकडे जातो. निम्म्याहून जरा जास्त रस्ता सरला की एक थांबा लागतो. दगडी भिंतींची लांबट इमारत. आत आसपासच्या गावांतलं चीज, मध, जॅम, लोकरीचे मोजे, मातीचे मग मांडलेले, आणि एका टोकाला चहा प्यायला चार टेबलं आणि खिडकीशी दोन लाकडी बाकं. पहिल्यांदा तिथे उतरलो तेव्हा मी दारातच थबकले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "अरे, हे तर मिची-नो-एकी आहे!"

आयर्लंडच्या आधी चार वर्षं आम्ही जपानमध्ये होतो. तिथे साध्या रस्त्यांच्या कडेला असे थांबे असतात, त्यांना मिची-नो-एकी म्हणतात, म्हणजे रस्त्यावरचं स्टेशन. ट्रकवाले गाडीतच डुलकी काढतात, प्रवासी नूडल्स खातात, आणि भोवतालच्या खेड्यांतली माणसं आपला माल आणून विकायला ठेवतात. सकाळी सत्तरीच्या आजीबाई इवल्याशा पांढऱ्या टेम्पोतून येतात, मुळे आणि रताळी स्वतःच्या हाताने फळीवर लावतात आणि प्रत्येक जुडीवर चिठ्ठी चिकटवतात: नाव, गाव, किंमत. संध्याकाळी येऊन उरलेलं परत नेतात. आम्ही दर रविवारी कुठल्या ना कुठल्या स्टेशनवर जायचो. नवऱ्याला तिथलं आइस्क्रीम आवडायचं. मला त्या चिठ्ठ्या आवडायच्या, कारण त्या काळात माझं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुण्यात मी अकरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवला. नोकरी सोडली ती कुणी सोडायला लावली म्हणून नाही. नवऱ्याला जपानला काम मिळालं तेव्हा 'दोन वर्षांचा तर प्रश्न आहे' असं सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत आधी मीच म्हणाले. दोनाची चार झाली, मग इथली सहा. समशीतोष्ण सागरी हवामान फळ्यावर अकरा वर्षं लिहिलं, पण ते काय असतं हे सिटीवेस्टला दिवसातून तीनदा दोरीवरचे कपडे काढताना कळलं.

जपानमधल्या त्या एका स्टेशनवर जुन्या किमोनोच्या कापडाच्या पिशव्या शिवणारी एक आजी होती. एकदा मी तिला मी शिवलेली छोटी गोधडी दाखवायला नेली, उशीएवढीच. बाई खरी कारागीर, तिने आधी उलटी बाजू पाहिली. मग माझ्यापुढे कोरी चिठ्ठी आणि पेन ठेवलं. मी लाजले, हात हलवले, "नको नको, कितीही चालेल" असं खुणेने सांगितलं. तिने मान हलवली आणि कोऱ्या चिठ्ठीवर बोट आपटलं. किंमत नाही तर फळीवर जागा नाही, इतका सरळ नियम. मी काहीतरी आकडा लिहिला. पुढच्या रविवारी गेलो तर गोधडी नव्हती. आजीने माझे पैसे पाकिटात घालून ठेवले होते. स्वतःच्या हाताने केलेली तेवढी एकच वस्तू मी आयुष्यात विकली आहे.

इथे आल्यावर शाळांसाठी कागदपत्रं जमवली, अर्ज केले. उत्तरं सगळी आली आणि सगळी इतकी सभ्य होती की नकार कुठल्या ओळीत आहे ते शोधायला लागायचं. दोन वर्षांनी मी अर्ज करणं बंद केलं. तेव्हापासून तो दगडी थांबा डोक्यात घोळत राहिला. दारावर पाटी होती: आसपासच्या कारागिरांनी आपलं काम दाखवायला जरूर आणावं. 'आसपासच्या'मध्ये मी बसते का, हे मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "टॅक्स इथे भरतो ना? मग बसतेस."

कॉलेजच्या साड्या मी पुण्याहून जपानला आणि जपानहून इथे आणल्या होत्या. सगळ्या सुती. इरकल, मंगळगिरी, एक गुलाबी नारायणपेठ. दर रविवारी स्टार्च करून मी त्या आठवडाभराच्या लावून ठेवायचे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि मुलगी सारखी म्हणायची, "आई, युअर सारीज आर टेकिंग अप द होल प्रेस." एका सोमवारी, घर रिकामं असताना, मी त्यातल्या सहा काढल्या आणि कापल्या. पहिल्या साडीला कात्री लावताना रडू आलं, हे कबूल करते. दुसरीपासून हात सरळ चालला. पूर्ण हिवाळा मी ती गोधडी शिवत होते, बारीक धावदोऱ्याने, कडेकडून आत. बोटाला घट्टे पडले आणि मला बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी दिवस संपल्यावर दाखवण्यासारखं काही असायचं.

वसंतात आम्ही ती घेऊन गेलो. आता ऐका माझा शहाणपणा. पहिल्यांदाच कुणाकडे काही घेऊन जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी बेसनाच्या लाडवांचा डबा बरोबर घेतला. गोधडी नुसती पिशवीत बरी दिसेना, म्हणून मुलीकडून छान कागदात गुंडाळून वर रिबीन बांधून घेतली. म्हणजे मी दुकानात माल घेऊन चालले होते, आणि थाट होता डोहाळजेवणाचा.

दुकानाची मालकीण साठीची, लालबुंद गालांची, पिठाच्या हातांची. तिने हात पुसून कागद उघडला आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. साड्यांची गोष्ट मी सांगितली, म्हणजे मी शिक्षिका होते, या नेसून शिकवायचे, एवढीच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने विचारलं, "याचं काय द्यायचं मी तुला?" आणि माझ्या तोंडून निघालं, "छे छे, काही नाही." तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला वाटेल ते, राहू द्या हो." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तिचा हात धरून तो खाली केला. आमच्याकडे तीनदा नाही म्हणायचं असतं, चौथ्यांदा समोरच्याने आग्रह केला की मग आढेवेढे घेत आकडा सांगायचा. इथेही तीनदाच नाही म्हणतात, हे मला सहा वर्षांत ठाऊक झालेलं होतं. फक्त इथे तीन झाले की समोरचा माणूस भेट स्वीकारतो. तिने चौथ्यांदा विचारलं नाही. तिने मला घट्ट मिठी मारली.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, "किती सांगितलीस?"

"ते ठरवतील ते. आधी मांडू तर देत."

मागून मुलगी म्हणाली, "आई, शी थिंक्स इट्स अ प्रेझेंट."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी तिच्यावर खेकसले. माझे वडील म्हणायचे, भीड ही भिकेची बहीण. ते मला आठवलं आणि मी काच खाली करून वारा घेत बसले. खरं सांगायचं तर मला त्या मिठीतच कळलं होतं. पण कळणं आणि मान्य करणं यात मी आख्खा उन्हाळा घालवला. लाडवांच्या डब्यावर मी माझा फोन नंबर चिकटवला होता. फोन वाजला नाही, आणि स्लायगोला जायची वेळ आली की दर वेळी मीच काहीतरी कारण काढून नवऱ्याला एकट्याला पाठवत राहिले. तिथे थांबू नको, मी येईन तेव्हा बघू, असंही बजावलं.

नवरा मात्र खूष होता. माझ्यासाठी तो फार दिवसांत खूष झाला नव्हता. ब्लँचर्डस्टाउनच्या गणपतीला त्याने ओळखी-अनोळखी सगळ्यांना सांगितलं की हिची गोधडी दुकानात लागली आहे. बायका येऊन अभिनंदन करत होत्या, एकीने तर मलाही शिकव म्हणून मागे लागून नंबर घेतला. मी हसत होते आणि मोदक वाढत होते. त्या गर्दीत मला स्वतःची इतकी चीड आली की हातातलं ताट ठेवून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

ऑक्टोबरात ठरवलं, आता बोलायचंच. वाक्य पाठ केलं, इंग्रजीत, आरशासमोर: माझ्याकडून सांगायचं राहिलं, ती विक्रीसाठी होती. मुलांना मॉन्सून समजावणाऱ्या बाईला एक वाक्य जड नव्हतं. पाऊस लागला होता. नवरा गाडी लावायला जागा शोधत राहिला, मी आणि मुलगी आत गेलो.

हस्तकलेच्या फळीवर मोजे होते, मातीचे मग होते, लाकडी चमचे होते. गोधडी नव्हती. क्षणभर मला वाटलं, विकली गेली. इतका आनंद झाला की मी मुलीचा हात धरला. तिने हात सोडवून घेतला नाही, फक्त खिडकीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

दोन बाकांपैकी एकावर ती घडी करून अंथरली होती. वर एक म्हातारा गृहस्थ ओल्या कोटासकट बसून सूप पीत होता. त्याच्या मांडीपाशी नारायणपेठेचा गुलाबी काठ दिसत होता आणि त्यावर जॅमचा वाळलेला डाग होता. ती साडी मी बोर्डाच्या निकालाच्या दिवशी नेसायचे, दर वर्षी. बाकामागे भिंतीवर सुबक अक्षरात कार्ड होतं. मुलीने ते हळू वाचलं. भारतातल्या आमच्या मैत्रिणीकडून प्रेमाची भेट, असं होतं त्यात.

गोधडी बसायलाच असते, हे मला कळत होतं. आमच्या घरात मीच गोधड्यांवर लोळले आहे. आणि तरी त्या माणसाला हाताला धरून उठवावं, ती ओढून घ्यावी आणि पळत सुटावं असं वाटलं.

तेवढ्यात मालकीण आली. पुन्हा मिठी. तिने त्या म्हाताऱ्याला सांगितलं, "हीच ती!" त्याने उठून हात मिळवला, म्हणाला की या बाकासाठी इथे भांडणं होतात. मालकिणीने आतून माझा डबा आणला, घासून लख्ख केलेला, आणि रिकामा नाही, स्कोन्स, म्हणजे इथले गोडसर छोटे पाव, भरलेला. नंबराचा कागद धुताना निघून गेला म्हणाली, फार शोधलं तुला म्हणाली. चहाचे पैसे घेऊ दिले नाहीत. माझं पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. इतक्या चांगल्या माणसाला ते कसं म्हणायचं, हे मी पाठ केलं नव्हतं.

मग ती जवळ येऊन, संकोचत, दुसऱ्या बाकाकडे बोट दाखवून म्हणाली, "विचारू नये, पण त्याच्यासाठी अजून एक होईल का गं तुझ्याकडून? तुला त्रास नसेल तरच."

"नो बॉदर," मी इथल्या लोकांसारखंच म्हणाले. "ग्रँड."

मुलगी दाराशी जाऊन उभी राहिली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

गाडीत बसताच नवऱ्याने विचारलं, "बोललीस का?"

"बोलले."

"मग? काय म्हणाली?"

"अजून एक हवी आहे."

त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले आणि गाडी सुरू करायच्या आधी बहिणीला फोन लावला. गाडीच्या स्पीकरवर नणंदेचा आवाज आला. "अगं, हिला दुसरी ऑर्डर मिळाली!" तो ओरडला. "वहिनी! सांगत नव्हते मी? आता थांबू नकोस हं," ती म्हणाली. तिच्या मागे वॉर्डात काहीतरी पीप-पीप वाजत होतं. "साड्या आहेत ना अजून?"

कॉलेजच्या तीनच उरल्या होत्या. लग्नातल्या तीन घातल्या असत्या तर जमलं असतं.

मागच्या सीटवरून मुलगी अगदी हळू म्हणाली, "आई, नको ना."

"आहेत," मी स्पीकरकडे तोंड करून म्हणाले. "नाताळच्या आधी देते म्हणून सांगितलंय."